चंडीगड, सेक्टर 43: इंजिन मोजू नका, फेरी मोजा

चंडीगडला बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला सुरुवातीला एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागते. इथे पत्ता म्हणजे आकडा. पेठ नाही, आळी नाही, वाडी नाही. ‘कुठे राहता?’ असे विचारले की ‘त्रेचाळीसमध्ये’ एवढेच सांगायचे, समोरच्याला सगळे कळते.

हे शहर फ्रेंच वास्तुकार ले कॉर्बुझिए यांनी आखले. एक सेक्टर साधारण 1200 मीटर लांब आणि 800 मीटर रुंद. चारही बाजूंनी मोठे रस्ते आणि आत घरे, शाळा, बाजार, बागा. मुले कंटाळली तर त्यांना आकड्यांचा खेळ लावून द्या. सेक्टर 43 च्या पाठीला पाठ लावून सेक्टर 35 आहे. दोन्हींची बेरीज 78, म्हणजे तेराची सहापट. शेजारच्या 36 आणि 42 ची बेरीजही 78, 34 आणि 44 चीही 78. ज्या तेरा आकड्याभोवती ही बेरीज फिरते, तो सेक्टर मात्र मूळ आखणीत नव्हताच. 2020 मध्ये मनीमाजऱ्याच्या भागाला तो क्रमांक मिळाला.

पंजाब किंवा हिमाचलमध्ये बसने फिरला असाल, तर सेक्टर 43 तुम्ही पाहिलेला असतो, फक्त नाव लक्षात राहिलेले नसते. शहरातल्या दोन मोठ्या बसस्थानकांपैकी एक इथे आहे. मनाली, धर्मशाळा, अमृतसर अशा पाट्या लावलेल्या गाड्या इथून सुटतात. जिल्हा न्यायालयाचे संकुल इथेच आहे आणि न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी ज्युडिशियल अकादमीही. म्हणजे सकाळी एकीकडे पाठीवर पिशव्या लावलेले पर्यटक, दुसरीकडे काळ्या कोटातले वकील, मधून रिक्षा आणि पराठ्यांचा वास. आत वळलात की मात्र गडबड मागे पडते. सरळ रस्ते, झाडांच्या रांगा आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला हेवा वाटावा इतकी मोकळी मैदाने.

या मैदानांकडे बघूनच घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘बाबा, आपले विमान इथे उडवू या ना! आणि शेजारच्यांचीही विमाने आहेत, मग शर्यतच लावू या!’

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा छंद तुमच्या घरात शिरला असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकले असेल किंवा लवकरच ऐकाल. शर्यत लावणे अवघड नाही. पण त्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला, कुठे? दुसरा, एकाचे इंजिन लहान आणि दुसऱ्याचे मोठे असेल तर ती शर्यत कसली? दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला सेक्टर 43 पासूनच निघू या.

मैदान मोकळे, आकाश नाही

आधी थोडे गणित. दीड किलोचे मॉडेल विमान ताशी 100 किलोमीटर वेगाने आदळले, तर तो आघात दीड किलोची वस्तू सुमारे 39 मीटर उंचीवरून पडावी तेवढा असतो. म्हणजे जवळजवळ तेराव्या मजल्यावरून. शिवाय पुढे फिरणारा प्रोपेलर असतो तो वेगळाच. शर्यतीतल्या विमानाला ताशी 100 हा वेग काही फार नव्हे. आता हे विमान बसस्थानकाच्या गर्दीवर किंवा न्यायालयाच्या आवारावर भरकटले तर काय होईल, ते मनात आणून बघा. सेक्टर कितीही ऐसपैस असला, तरी त्याच्या चारही बाजूंना वाहता रस्ता आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सेक्टर 43 पासून चंडीगडचा विमानतळ सरळ रेषेत अवघ्या सहा-सात किलोमीटरवर आहे. 2022 मध्ये त्याला शहीद भगतसिंग यांचे नाव दिले गेले. प्रवासी विमानांबरोबर हवाई दलाचीही विमाने याच धावपट्टीवर उतरतात. गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून जाणारा तो जड आवाज इथल्या गृहिणींच्या ओळखीचा असतो.

आपल्या देशात 2021 पासून ड्रोन नियम लागू आहेत आणि पंख असलेले रिमोटचे विमानही त्यात येते. 25 किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे विमान ‘मॉडेल’ या प्रकारात मोडते. वजनाचे गटही आहेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो आणि 2 ते 25 किलो स्मॉल. नॅनोला, तसेच धंद्यासाठी न वापरलेल्या मायक्रोला चालकाचा परवाना लागत नाही. पण परवाना नको याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केलेले आहेत. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती मुभा 200 फुटांवर येते. त्याहून जवळ गेलात की परवानगी घेतल्याशिवाय काहीच नाही. सेक्टर 43 त्या जवळच्या भागात पडतो. याखेरीज मोठ्या व्यक्तींचे दौरे असले किंवा सुरक्षेचे कारण असले, की प्रशासन मनाई आदेश काढते तो वेगळा.

म्हणून मुलाला आधी सरकारचा ‘डिजिटल स्काय’ नकाशा उघडायला सांगा. आपले घर कोणत्या रंगात आहे, ते त्याला स्वतःला शोधू द्या. ‘नको म्हटले ना!’ याने जे होत नाही, ते त्या नकाशाने होते. नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे नोंदणी आणि ओळख क्रमांकाबाबत तुमच्या विमानाच्या वजनगटाला आज काय लागू आहे, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

मुलाचा चेहरा पडेल. पडू द्या. तोवर त्याला शहरातल्या दोन जागा दाखवून आणा.

सेक्टर 18 आणि सेक्टर 12 ची फेरी

सेक्टर 18 मध्ये हवाई दलाचे हेरिटेज सेंटर आहे. 8 मे 2023 रोजी ते सुरू झाले. मिग-21 आणि नॅट ही नावे 1965 आणि 1971 च्या युद्धांच्या गोष्टी ऐकलेल्या आजोबांना आठवतात, मुलांना ती विमाने इथे जवळून बघता येतात. सिम्युलेटरवर बसून विमान चालवल्याचा अनुभवही घेता येतो.

पण छोट्या विमानांचे वेड असलेल्या मुलाला तिथल्या आणखी एका विमानापुढे थांबवा. त्याचे नाव कानपूर-1. हवाई दलाचे हरजिंदर सिंग यांनी कानपूरच्या दुरुस्ती केंद्रात 1958 मध्ये ते घडवले. एका इंजिनाचे, साधे, मोठ्या लढाऊ विमानांच्या शेजारी लहान दिसणारे. पूर्वी ते इथल्याच पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात होते. दुरुस्तीच्या कारखान्यातली माणसे स्वतःचे विमान बनवतात, ही गोष्ट बाल्साच्या पट्ट्या गोंदाने चिकटवणाऱ्या मुलाला लगेच कळते.

ते कॉलेज सेक्टर 12 मध्ये आहे. कर्नालहून आलेली कल्पना चावला इथेच विमानशास्त्र शिकली आणि 1982 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. कॉलेजच्या बाहेरून जाताना मुलीला एवढे जरूर सांगा.

मुले शाळा-कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत असतील, तर आणखी सोपे. या शाखेत एअरोमॉडेलिंग शिकवले जाते आणि देशपातळीवरच्या वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. घरच्या घरी व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा शिक्षकाच्या नजरेखाली पहिले उड्डाण करणे केव्हाही चांगले, स्वस्तही.

लहान इंजिन, मोठे इंजिन

आता दुसरा प्रश्न. समजा, तीन-चार कुटुंबे तयार झाली. तुमच्या मुलाकडे 2.5 सीसीचे इंजिन आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे 4 सीसीचे. समोरच्या सरदारजी काकांकडे 6.5 सीसीचे, ज्याला या छंदातले लोक नुसते ‘फोर्टी’ म्हणतात, कारण ते 0.40 घनइंचाचे असते. आणि एका उत्साही गृहस्थाकडे 10 सीसीचे, म्हणजे ‘सिक्स्टी’. यांना एका रांगेत उभे करून ‘एक, दोन, तीन’ म्हटले, तर निकाल आधीच ठरलेला आहे. ज्याच्या वडिलांनी जास्त पैसे खर्च केले, त्याचे विमान पुढे. दुसऱ्या वर्षी लहान इंजिनवाले येणार नाहीत आणि तिसऱ्या वर्षी शर्यतच होणार नाही.

मोठ्या स्पर्धांमध्ये हा प्रश्न येऊच दिला जात नाही. एफ3डी नावाच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत इंजिनाची कमाल मर्यादा 6.6 सीसी ठरलेली आहे. तीन खांबांच्या त्रिकोणाभोवती 400 मीटरच्या 10 फेऱ्या, म्हणजे 4 किलोमीटर, साधारण मिनिटाभरात पुऱ्या होतात. कुस्तीत जसे वजनगट, तसे हे. पण कुस्तीत शंभर मल्ल असतात म्हणून गट करता येतात. तुमच्या सेक्टरमध्ये सहा विमाने असतील आणि सहा प्रकारची इंजिने असतील, तर प्रत्येक गटात एकेकच उरेल आणि प्रत्येकाला पहिला नंबर द्यावा लागेल.

मग काय करायचे? आपल्या गल्लीतल्या खेळांनी याचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. लहान भावंडाला खेळायचे असले की आपण त्याला ‘लिंबूटिंबू’ करून घेतो. त्यात एकच खोट असते. लिंबूटिंबू खेळतो, पण जिंकत नाही आणि हे त्यालाही ठाऊक असते. आपल्याला अशी सवलत हवी, जिच्यात धाकटाही खरोखर जिंकू शकतो.

खऱ्या विमानांच्या शर्यतीत अशी पद्धत शंभर वर्षांपासून आहे. ब्रिटनमध्ये राजा पाचव्या जॉर्जने 1922 मध्ये ‘किंग्ज कप’ ही शर्यत सुरू केली. तिच्यात हळू विमान आधी सोडतात आणि वेगवान विमान सर्वांत शेवटी. प्रत्येकाचा वेग लक्षात घेऊन हिशेब असा बसवतात की सगळी विमाने अंतिम रेषेवर जवळजवळ एकाच वेळी यावीत. मग जो वळणे नीट घेतो आणि वारा ओळखतो, तो पुढे निघतो.

तुमच्या शर्यतीत हे असे करा. सकाळी प्रत्येकाने एकट्याने, आकाशात दुसरे विमान नसताना, पाच फेऱ्या मारायच्या. स्टॉपवॉच लावून त्यातल्या सर्वांत चांगल्या तीन फेऱ्यांची सरासरी काढायची. समजा 2.5 सीसीला एका फेरीस 26 सेकंद लागले, 4 सीसीला 22 आणि 6.5 सीसीला 18. दहा फेऱ्यांचे झाले 260, 220 आणि 180 सेकंद. म्हणजे सर्वांत लहान विमान शून्याला सोडायचे, मधले 40 सेकंदांनी आणि मोठे 80 सेकंदांनी. ज्याचे विमान आधी दहावी फेरी पुरी करेल, तो जिंकला. सातवी-आठवीतली मुले हा हिशेब कागदावर करू शकतात. त्यांनाच करू द्या. काळ, काम आणि वेगाची गणिते पाठ्यपुस्तकाबाहेर अशी सहसा भेटत नाहीत.

इथे इंजिनाचा आकार हिशेबात येतच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. यालाच धरून राहा. इंजिन मोजायला गेलात की वाद सुरू होतो. फोर-स्ट्रोक इंजिन साधारण दीडपट मोठे असले तरच टू-स्ट्रोकच्या बरोबरीला येते. कोणाचे विमान बॅटरीवर चालते, तिथे सीसी कुठून आणायची? एकाचे विमान जड, दुसऱ्याचा पंख जाड. हे सगळे एकत्र करून अखेर एकच आकडा बाहेर येतो, तो म्हणजे फेरीचा वेळ.

मुलांना आणखी एक गंमत सांगा. इंजिनाची ताकद दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही. हवेचा विरोध वेगाबरोबर इतक्या झपाट्याने वाढतो, की तेच विमान दुप्पट वेगाने न्यायला आठपट ताकद लागते. ताकद दुप्पट केली तर वेग जेमतेम सव्वापट होतो. चौपट केली तरी दीडपटीहून थोडाच जास्त. म्हणून 10 सीसीच्या इंजिनासमोर 2.5 सीसीचे इंजिन दिसते तितके दुबळे नसते. ज्याचे विमान हलके, गुळगुळीत आणि सरळ पंखांचे आहे, तो बरेच काही परत मिळवतो आणि त्याला पैसे लागत नाहीत, सँडपेपर लागतो.

चलाखीला आळा

जिथे सवलत आली, तिथे चलाखीही येते. कोणी तरी सकाळच्या चाचणीत मुद्दाम हळू उडवेल आणि शर्यतीत एकदम सुटेल. हे लहान मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त सुचते. त्यासाठी आधीच नियम सांगून ठेवा. चाचणीवरून काढलेल्या वेळेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक लवकर पोचलेले विमान निकालातून बाद. 180 सेकंदांचा हिशेब दिलेले विमान 171 सेकंदांच्या आत आले, तर त्याचा निकाल धरायचा नाही. हा नियम सर्वांना वाचून दाखवा आणि मग चाचणी घ्या. क्रम उलटा झाला की भांडण नक्की.

अगदी नवख्यांसाठी याहून सोपा प्रकार आहे. प्रत्येकाने उडण्याआधी चिठ्ठीवर लिहून द्यायचे, ‘माझ्या पाच फेऱ्या इतक्या सेकंदांत होतील.’ मग एकट्यानेच उडवायचे, हातात घड्याळ न ठेवता. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, तो विजयी. यात एकमेकांवर विमाने आदळण्याची भीती नाही आणि दहा वर्षांची मुलगी तिच्या वडिलांना हरवू शकते. ज्यांनी पहिल्यांदाच शर्यत भरवली आहे, त्यांनी याच प्रकाराने सुरुवात करावी हे उत्तम.

शेतकडे निघताना

आता जागा. बसस्थानकावरून खरड, कुरालीमार्गे रोपडकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात. त्याच दिशेला खरडच्या पुढे गेलात की विमानतळ 12 किलोमीटरच्या पलीकडे राहतो आणि दोन्ही बाजूंना पंजाबची सपाट शेते सुरू होतात. तरीही निवडलेल्या जागेचा ठिपका नकाशावर पुन्हा तपासा, कारण लाल भाग फक्त विमानतळाभोवतीच असतात असे नाही. जवळ उच्च दाबाच्या तारा, हमरस्ता किंवा रेल्वेमार्ग नको.

शेत मोकळे कधी असते, ते हंगामावर ठरते. भात ऑक्टोबरात निघतो आणि नोव्हेंबरात गव्हाची पेरणी होते. मधले थोडे दिवस जमीन रिकामी असते, पण त्याच दिवसांत कुठे कुठे भाताचे पाचट जाळल्याचा धूर पसरतो. डिसेंबर-जानेवारीत धुके इतके दाट असते, की हातातले विमान दिसावे एवढेच पुरे. बैसाखीच्या सुमारास, एप्रिलच्या मध्यात गहू कापला जातो. त्यानंतर जूनमध्ये भाताची लावणी होईपर्यंत शेते रिकामी असतात. मात्र ऊन चढत जाते आणि दुपारी धुळीची वादळे उठतात. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली सकाळ निवडा. साडेसहाला चाचणी, आठला शर्यत आणि साडेनऊला सामान गाडीत. वाराही सकाळी शांत असतो. वसंत पंचमीच्या आसपासचे दिवस टाळा. आपल्याकडे संक्रांतीला उडतात तसे इथे बसंतला पतंग उडतात आणि मांजा प्रोपेलरला गुंडाळला गेला की विमान संपलेच.

शेताच्या मालकाला आधी भेटा. नुसता फोन करू नका, मुलाला बरोबर नेऊन विमान दाखवा. पंजाबी शेतकरी पाहुण्याला नाही म्हणायला कचरतो, म्हणून त्याच्या अडचणी आपणच विचारून घ्याव्यात. गाड्या कुठे लावायच्या, बांध कुठला ओलांडायचा नाही, जनावरे केव्हा बाहेर येतात. कापणीनंतरचे पाचट कोरडे असते आणि विमानाचे इंधन पेट घेते, म्हणून पाण्याच्या बादल्या, वाळू आणि अग्निशामक नळकांडे बरोबर हवेच. परवानगी कागदावर घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. हे केलेत की ‘आ जाओ पुत्तर’ असे म्हणणारे ते आजोबा शर्यतीच्या दिवशी खाट टाकून पहिल्या रांगेत बसलेले दिसतील.

कोणी काय करायचे

शर्यतीचे मैदान आखायला तीन बांबू आणि रंगीत कापड पुरते. एफ3डीच्या त्रिकोणात लांबची बाजू 180 मीटर आणि अरुंद बाजू 40 मीटर असते. तुम्ही त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. बांबू खेळाडूंच्या एकाच बाजूला, लांब असू द्या. खेळाडू, गाड्या आणि प्रेक्षक दुसऱ्या बाजूला. विमानाने खेळाडूंची रेषा ओलांडून मागे यायचे नाही. ओलांडली तर ते विमान त्या डावातून बाद, मग ते कितीही पुढे असो. या नियमाला सवलत नाही.

एका वेळी आकाशात तीनपेक्षा जास्त विमाने नकोत. वेगवेगळ्या वेगाची विमाने एकत्र उडतात, तेव्हा खरा धोका मागे टाकताना असतो. वेगवान विमानाने हळू विमानाला बाहेरच्या बाजूने आणि वरून ओलांडायचे, आतून घुसायचे नाही. प्रत्येक चालकाशेजारी एक साथीदार उभा करा. चालकाची नजर फक्त स्वतःच्या विमानावर, बाकीचे आकाश साथीदाराने बघायचे आणि मोठ्याने सांगायचे, ‘डावीकडून येतेय, वर घे!’

पूर्वी दोन रिमोट एकाच लहरीवर आले की एकाचे विमान पडायचे. म्हणून मैदानावर लहरींच्या चिमट्यांचा फळा असे आणि ज्याच्याकडे चिमटा त्यानेच रिमोट सुरू करायचा, असा शिरस्ता होता. आजचे 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट ही अडचण स्वतःच सोडवतात. तरी एक गोष्ट प्रत्येक विमानावर तपासा. विमान पकडून ठेवून रिमोट बंद केला, तर इंजिन आपोआप मंद झाले पाहिजे किंवा मोटर थांबली पाहिजे. ज्याचे तसे होत नाही, ते उडणार नाही.

इंजिन सुरू करताना विमानामागे एकाने घट्ट धरायचे. हात, ओढणी, मफलर, मोकळे केस प्रोपेलरपासून दूर. सुरू झाल्यावर सुईची जुळवणी मागून करायची, पुढून हात घालून नाही. बॅटरीवरच्या विमानात तर जास्त काळजी, कारण ते गप्प असते आणि रिमोटचा एक दांडा चुकून हलला तरी फिरू लागते. फुगलेली किंवा आपटलेली लिथियम बॅटरी पुन्हा वापरू नका आणि गाडीत तापत ठेवू नका.

आता घरातल्या बाकीच्यांची कामे. प्रत्येक विमानाला एक फेरीमोजणी. यासाठी यंत्र नको. आजीच्या पुढ्यात दोन वाट्या ठेवा, एकीत दहा चिंचोके. फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. चंडीगडात चिंचोके मिळाले नाहीत तर राजमा आहेच. वळणावर एक झेंडेवाला लागतो. विमानाने बांबूला बाहेरून वळसा घातला की झेंडा खाली. आत कापले की झेंडा वर, ती फेरी धरायची नाही. मात्र झेंडेवाला बांबूखाली उभा राहणार नाही, रेषेच्या सोयीने बाजूला आणि सुरक्षित अंतरावर राहील. दोन स्टॉपवॉच, एक वही, एक शिट्टी. शिट्टी वाजली की सगळी विमाने उतरवायची, कारण नंतर विचारायचे.

डिझेल इंजिन असलेला एखादा जुना छंदिष्ट आला, तर मुलांना त्याच्याजवळ न्या. त्याच्या इंधनात रॉकेल, ईथर आणि चक्क एरंडेल तेल असते. ज्या तेलाच्या चमच्याने आपल्या पिढीला पळता भुई थोडी केली, तेच इंजिनाला घासण्यापासून वाचवते, हे ऐकून आजीलाही या छंदाबद्दल आपुलकी वाटू लागते.

प्लगाची गोष्ट

बक्षिसे द्यायची असतील तर तीन द्या. शर्यत जिंकणाऱ्याला एक, अंदाज अचूक सांगणाऱ्याला एक आणि तिसरे अशा स्पर्धकाला, ज्याने दुसऱ्याचे विमान उडवायला मदत केली. या तिसऱ्यामागे एक गोष्ट आहे. ती डाव सुरू होण्याआधी मुलांना सांगा.

आगाखान यांनी एक बक्षीस ठेवले होते. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. 1930 मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाचा स्पार्क प्लग खराब झाला होता आणि तो अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. अस्पी उडाला, आधी पोचला आणि बक्षीस त्यानेच नेले. हाच मुलगा 1960 मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

शर्यतीच्या सकाळी हमखास कोणाचा तरी ग्लो प्लग जातो, कोणाचा प्रोपेलर तुटतो, कोणाचे पंख बांधायचे रबर घरी राहते. तेव्हा खेळणाऱ्यांच्या पेट्या एकमेकांसाठी उघड्या असल्या पाहिजेत. नाही तर फेरीच्या वेळेचा एवढा काटेकोर हिशेब करून काय उपयोग? ज्याच्याकडे सामान जास्त, तोच पुन्हा पुढे जाईल.

निघण्याआधी शेतातली तुटलेली फळकुटे, रबर, बाटल्या, चिकटपट्ट्या वेचून घ्या. प्लॅस्टिकचा तुकडा चाऱ्यात गेला तर मालकाच्या म्हशीचा जीव जाऊ शकतो. वहीतल्या वेळा फाडून टाकू नका. पुढच्या वर्षी त्याच मुलाचे तेच 2.5 सीसीचे विमान 26 ऐवजी 24 सेकंदांत फेरी मारेल, तेव्हा त्याला मिळणारी आघाडी तेवढ्याने कमी होईल. तो कुरकुर करेल, ‘मी सुधारलो तर मलाच तोटा?’ त्याला जुनी वही दाखवा. स्वतःचे दोन सेकंद त्याने कमावलेले असतात आणि ते कोणत्याही सवलतीशिवाय त्याच्या नावावर लिहिलेले असतात.